हवेतलं पाणी मोजलंत का?

दोस्तांनो, आज तुम्हाला माझ्या भाचीच्या घरी घेऊन जातो. घर आहे तारोडीला. भाईंदर पश्चिमेहून निघायचं, मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकायची आणि डोंगरीकडे वळायचं. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये हे गाव. वाऱ्याला मिठाचा वास आणि जवळच्या उत्तनहून वारा आला तर सुक्या बोंबलाचाही!

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑगस्ट महिना. तीन दिवस पावसाची झड लागली होती. मी ताईकडे गेलो, तर दारातच भाचीने माझा हात धरला. "मामा, आमच्याकडे धुक्याचं यंत्र आलंय. चल, दाखवते!"

आतल्या खोलीत, बाळाच्या पाळण्याशेजारी, एक पांढरंशुभ्र यंत्र ठेवलेलं. वरच्या तोटीतून धुक्याचा पट्टा संथपणे बाहेर पडत होता. त्याचं नाव ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र. भाचीची आत्या कॅनडात टोरोंटोला असते. बाळाला सारखी सर्दी होते हे ऐकून तिने ते प्रेमाने घरपोच पाठवलं होतं. तिच्या घरी थंडीत असंच यंत्र चालतं आणि तिच्या मुलांना त्याने बरं वाटतं. ते चालवायचं काम भाचीने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. सातवीतली मुलगी, पण रोज रात्री न विसरता टाकीत पाणी भरायची. खिडक्या घट्ट लावायची, धुकं बाहेर जाऊ नये म्हणून!

"मामा, आत्याने विचारलंय, यंत्र वर्षभर नीट सांभाळशील ना? कसं सांभाळायचं ते मला लिहून दे."

मी लगेच काही बोललो नाही. कारण खोलीत शिरल्याबरोबर एक कुबट वास आला होता. कपाट जरा पुढे ओढून पाहिलं, तर मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांची रांगोळी! स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीत मिठाचा खडक झालेला. पापड असा लवला की दुमडून पाकीट करावं. आणि पाळण्यात बाळ झोपलेलं, पण श्वास घेताना त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

आधी मोजू, मग बोलू

या पानाचा आपला नियम तुम्हाला ठाऊक आहेच. वाद घालायचा नाही, मोजायचं. मी दोन साधे तापमापक मागवले. ताप आल्यावर काखेत लावतात तो नव्हे हं, तो ३५ अंशांच्या खाली मोजतच नाही. खोलीचं तापमान दाखवणारा, लाल द्रवाचा. त्यातल्या एकाच्या फुग्याभोवती जुन्या धोतराची पातळ चिंधी गुंडाळली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं. दुसरा तसाच कोरडा ठेवला. दोन्ही शेजारी शेजारी टांगून पाच मिनिटं पुठ्ठ्याने वारा घातला.

ओल्या चिंधीतलं पाणी वाफ होऊन उडतं. उडताना ते तापमापकातली उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक खाली उतरतो. घामावर वारा लागला की गार वाटतं ना, तसंच. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी भराभर उडणार आणि दोन आकड्यांतला फरक तितका मोठा होणार. हवेत आधीच पाणी ठासून भरलेलं असेल, तर चिंधीतलं पाणी जाणार कुठे? मग दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. माठातलं पाणी एप्रिलात गारेगार आणि जुलैत नुसतंच कोमट का, याचं उत्तरही हेच.

आमच्या कोरड्या तापमापकावर २८ अंश दिसले, ओल्यावर २७. फरक फक्त एका अंशाचा! कोष्टकात पाहिलं तर आर्द्रता साधारण ९३ टक्के. म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जितकी वाफ पोटात ठेवू शकते, त्यातली शंभरपैकी ९३ भाग जागा भरलेली.

आता पाटी-पेन्सिल घ्या. खोली दहा बाय दहाची, उंचीही दहा फूट. म्हणजे साधारण २७ घनमीटर हवा. २८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. २७ गुणिले २७ झाले ७२९ ग्रॅम. त्यातले ९३ टक्के म्हणजे जवळपास ६८० ग्रॅम पाणी खोलीत आधीच तरंगतंय. पाऊण लीटरला थोडंच कमी, आणि डोळ्यांना एक थेंबही दिसत नाही! मग जागा किती उरली? पन्नास ग्रॅम. अर्धा कप चहाएवढीसुद्धा नाही.

आणि आत्याचं यंत्र? ते तासाला पाव लीटर पाणी हवेत सोडतं. खिडक्या-दारं घट्ट बंद आहेत असं धरलं, तर बारा मिनिटांत हवेचं पोट भरलं. त्यानंतर रात्रभर सोडलेलं पाणी कुठे गेलं असेल?

भाचीने कपाटामागच्या भिंतीकडे पाहिलं. मग गादीला हात लावून पाहिला. आणि एकदम रडवेली झाली. "मामा, म्हणजे बाळाला माझ्यामुळे झालं?"

कुणाचं चुकलं?

डॉक्टरांकडे बाळाला त्याच संध्याकाळी नेलं. त्यांनी तपासून औषध दिलं आणि सांगितलं की लहान बाळांना अशी घरघर बऱ्याच कारणांनी होते, सर्दीच्या विषाणूमुळे तर फारच वेळा. यंत्रामुळेच झालं असं कुणी म्हणू नये. पण दमट, बुरशी आलेली खोली अशा छातीला मुळीच चांगली नाही. यंत्र बंद करा आणि खोली कोरडी करा.

मी भाचीला म्हटलं, "तू काळजी घेतलीस, फक्त मोजलं नव्हतंस. आता मोजायला शिकलीस ना, झालं तर!"

आणि आत्याचं तरी काय चुकलं? टोरोंटोच्या थंडीत बाहेर बर्फ असतं. शून्य अंशाच्या हवेत घनमीटरला पाच ग्रॅमसुद्धा वाफ मावत नाही. तीच हवा घरात घेऊन २० अंशांपर्यंत तापवली, तर तिच्या पोटात १७ ग्रॅमांची जागा होते, पण आत आहेत तेच चार-पाच ग्रॅम. म्हणजे आर्द्रता जेमतेम पाव भाग, बाहेर आणखी कडक थंडी असेल तर त्याहून कमी. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, घसा सुकतो. तिथे हे यंत्र म्हणजे घरातलं माणूसच. तारोडीत ऑगस्टमध्ये मात्र, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

तुम्ही म्हणाल, मामा, मग हे यंत्र आपल्या महाराष्ट्रात कुणालाच नको का? अहो, विदर्भात घरोघरी ते आहेच! तिथे त्याला कूलर म्हणतात. नागपुरात मे महिन्यात कोरडा तापमापक ४२ अंश दाखवत असेल, तर ओला २२ वरही उतरतो. फरक वीस अंशांचा, आर्द्रता साधारण १६ टक्के! वाळ्याच्या किंवा लाकडाच्या भुश्श्याच्या ओल्या ताट्यांमधून कूलर हवा ओढतो, पाणी उडतं, हवा गार होते आणि ओलीही होते. तोच कूलर तारोडीला आणलात, तर गारवा राहील बाजूला आणि अंग मात्र चिकट होईल.

मुंबईच्या कापडगिरण्यांनाही ओल्या हवेची गरज असे. कोरड्या हवेत सुताचे धागे पटापट तुटतात, म्हणून गिरण्यांच्या खात्यांत बारीक तुषार सोडून हवा मुद्दाम दमट ठेवत. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहू लागली. पुढे इथे इतक्या गिरण्या झाल्या, त्याला समुद्रकाठच्या दमट हवेचाही हातभार होता. तुमच्या आजोबांपैकी कुणी गिरणीत असतील तर त्यांना जरूर विचारा.

थोडक्यात, ओलावा हा शत्रू नाही आणि मित्रही नाही. घरात आर्द्रता साधारण ३० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असली की आपली त्वचा, नाक, घसा सगळे खूश असतात. ती बराच काळ साठाच्या वर राहिली की बुरशी आणि धुळीतले अगदी बारीक किडे मजेत वाढतात. ज्यांना दमा आहे त्यांना या दोघांचा फार त्रास होतो.

टाकीतलं पाणी

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. यंत्र सांभाळायचं कसं? कारण तुमच्यापैकी काहींच्या घरी, खोली एसीने फार कोरडी होते म्हणून किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, असं यंत्र असेलच.

आम्ही टाकी उघडली. आत बोट फिरवलं तर बुळबुळीत लागलं. भाची रोज पाणी भरत होती खरी, पण जुन्यातच नवं. टाकी रिकामी कधी केलीच नव्हती. साचलेल्या पाण्यात जंतू आणि बुरशी वाढतात, आणि हे यंत्र त्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब करून थेट आपल्या नाकासमोर सोडतं. प्यायला नको म्हणतो ते पाणी आपण श्वासातून घेतो!

म्हणून हे नियम वहीत लिहून घ्या.

पहिला, टाकी रोज रिकामी करायची, पुसायची, मगच ताजं पाणी. त्याआधी बटण बंद करून प्लग काढायचा. प्लगला हात मोठ्या माणसांनी लावायचा.

दुसरा, दर तीन दिवसांनी टाकी घासून धुवायची. पांढरे खवले धरले असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घालून अर्धा तास ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा खळबळायचं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

तिसरा, बोअरचं जड पाणी नको. त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीसारखे हवेत उडतात. डिस्टिल्ड वॉटर सगळ्यांत चांगलं.

चौथा, आणि हा सगळ्यांत महत्त्वाचा. पाण्यात काहीही घालायचं नाही. बाम नाही, कापूर नाही, अत्तर नाही, जंतुनाशक तर मुळीच नाही. हे का सांगतो ऐका. दक्षिण कोरियात १९९४ पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायचं जंतुनाशक दुकानात सर्रास मिळत असे. टाकी घासायचा त्रास वाचतो, म्हणून आयांनी ते विश्वासाने वापरलं. ते धुक्याबरोबर फुप्फुसांत गेलं. २०११ साली डॉक्टरांच्या लक्षात हे कारण आलं, मग विक्री थांबली. तोवर शेकडो माणसं दगावली होती, त्यांत लहान मुलं आणि त्यांच्या आयाही होत्या. जे हाताने भांडं पुसायला चालतं, ते श्वासात चालतंच असं नाही.

पाचवा, काम संपलं की सगळे भाग सुटे करून उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मगच खोक्यात ठेवायचे. पुन्हा काढाल तेव्हा आधी धुवायचे.

कूलरवाल्या मित्रांनो, तुम्हालाही हेच लागू. शिवाय तुमच्या टाकीत डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून टाकी पूर्ण ओतायची आणि कडा ब्रशने घासायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही काही महिने तग धरतात.

तारोडीचं वर्ष

यंत्र धुऊन, वाळवून माळ्यावर गेलं. मग आम्ही घर कोरडं करायच्या मागे लागलो. त्यात सगळ्यांत हुशार निघाल्या भाचीच्या आजी. त्या म्हणाल्या, "पावसात बोंबील वाळत नाय, हे आमाला कुनी शिकवायला नाय लागलं. घराचं बी तसंच हाय."

खरंच की! या किनाऱ्याचं वर्ष हवेतल्या पाण्यावरच चालतं. पाऊस गेला आणि वारा कोरडा झाला की उत्तन-गोराईकडे बांबूच्या वलांडींवर बोंबलांच्या माळा चढतात. भाईंदरच्या मिठागरांत मीठ पिकतं तेही कोरड्या महिन्यांतच. पापड-कुरडया उन्हाळ्यात. मग घराचंही वेळापत्रक नको का? आम्ही ते असं केलं.

पावसाळ्यात ओलावा घालायचा नाही, घरात तयार होतो तो बाहेर काढायचा. भाताच्या भांड्यावर झाकण ठेवायचं. स्वयंपाक आणि अंघोळ चालू असताना झरोका किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा चालू. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालायचे नाहीत. बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून लीटर-दोन लीटर पाणी सहज हवेत जातं, म्हणजे आत्याच्या यंत्राची चार ते आठ तासांची मेहनत! कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, म्हणजे मागे वारा खेळतो. एसी असेल तर तोही हवेतलं पाणी काढतो. नळीतून ठिबकतं ते पाणी तेच. आणि मिठाच्या बरणीत चार दाणे तांदूळ.

पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उन्हात गाद्या, उशा, चादरी बाहेर. भिंतीवरची बुरशी मोठ्या माणसाने नाक-तोंड बांधून साबणाच्या पाण्याने पुसायची, भिंत वाळली की चुन्याचा हात द्यायचा. ओल गळतीची असेल तर गळती आधी बुजवायची. त्याशिवाय बाकी सगळं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

थंडीत जमिनीकडून कोरडा वारा येतो. तेव्हा खिडक्या उघड्या, भिंती आतपर्यंत वाळू द्यायच्या. एखाद्याचे ओठ फुटले तर खोबरेल लावायचं आणि पाणी भरपूर प्यायचं.

उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून दमट वारा सुटतो. तेव्हा पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या.

वहीतले आकडे

भाचीने एक वही केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दुपारी, दोन तापमापकांचे आकडे. ऑक्टोबरात ३२ आणि २७, म्हणजे साधारण ६८ टक्के. जानेवारीत ३० आणि २२, म्हणजे ५० टक्के. मे महिन्यात ३३ आणि २८, पुन्हा ६८. वर्ष झालं, पण ३० टक्क्यांच्या खाली हवा एकदाही गेली नाही. यंत्र माळ्यावरून उतरवायची वेळच आली नाही. बाळाची घरघर औषधाने थांबली. पावसात सर्दी त्याला पुन्हा झाली, होणारच, पण या वर्षी कपाटामागची भिंत पांढरी आहे.

डिसेंबरात आत्या आली होती. सगळ्यांना धाकधूक, ती रागावेल की काय. भाचीने काही न बोलता वही तिच्या पुढ्यात ठेवली. आत्याने एकेक पान उलटलं आणि हसायला लागली. "म्हणजे मी समुद्राला पाणी पाठवलं म्हणायचं!"

तेवढ्यात भाचीने विचारलं, "आत्या, तुझ्याकडच्या यंत्राची टाकी तू रोज रिकामी करतेस ना?"

आत्या जरा गप्पच झाली. परत गेल्यावर पहिला फोन आला तो एवढंच सांगायला, की टाकी घासली.

करून पाहा

या रविवारी दोन तापमापक आणि एक चिंधी घ्या. खोलीचं तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर हे कोष्टक वापरा. फरक १ अंश असेल तर आर्द्रता ९३ टक्के, २ असेल तर ८६, ३ ला ७९, ४ ला ७३, ५ ला ६७, ६ ला ६१, ८ ला ५० आणि १० ला ३९. आधी बैठकीच्या खोलीत मोजा, मग स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाल्यावर. त्यानंतर कपाटाच्या मागे डोकावून पाहा.

आणि आईबाबा, तुम्हाला एकच विनंती. घरात एखादं नवं यंत्र आणायच्या आधी मुलांना मोजू द्या. मोजून झाल्यावर यंत्र हवंच असं ठरलं, तर ते रोज घासायची पाळी कुणाची, हेही त्याच दिवशी ठरवा. सगळं एकट्या सातवीतल्या मुलीवर टाकू नका.

तुमच्या गावाचे आकडे आम्हाला जरूर कळवा. नागपूर आणि तारोडी, दोघांच्या वह्या शेजारी ठेवून पाहायची मला फार उत्सुकता आहे. भेटूच पुढच्या आठवड्यात!

तुमचा,
मामा